चष्मा डोळ्यांवर असेपर्यंत

बाईंनी चष्मा काढला. तिसऱ्या रांगेत, खांबाला लागून असलेल्या खुर्चीत बसल्या बसल्या तो मांडीवर ठेवला आणि रुमाल डोळ्यांना लावला. मंचावर पुकारेंच्या हातातला लाकडी हातोडा वरच्या वर राहिला.

पुकारे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. जन्म लिलाव पुकारण्यात गेला म्हणून दालनातल्या लोकांनी ठेवलेलं नाव. हल्ली चिडली की बायकोही त्याच नावाने हाक मारायची. बाई सकाळीच त्यांच्या खोलीत येऊन गेल्या होत्या. संग्रहालयात चित्रं पारखण्यात बाईंची हयात गेलेली. त्यांनी हात वर केला म्हणजे माल अस्सल, असं धरून सगळे दलाल तुटून पडले असते. म्हणून दोघांत खूण ठरली. असल्या खुणा या धंद्यात नेहमीच्याच. कुणी पेनाला टोपण लावतं, कुणी कान खाजवतं.

"चष्मा डोळ्यांवर आहे तोवर मी घेतेय," बाई म्हणाल्या होत्या. "काढला की माझं संपलं. त्याच्या पुढे गेलं तर राहतं घर विकावं लागेल, पुकारे. आणि एकदा हातोडा पडला की मी शब्द फिरवणार नाही, हेही लक्षात ठेवा."

चित्र जुनं, डच. गारठलेलं रान, खांद्यावर बंदुका टाकलेले तीन शिकारी, मेलेला ससा आणि त्याच्याभोवती जिभा काढून उभे असलेले कुत्रे. एकच कुत्रा, अगदी उजव्या टोकाचा, सशाकडे न बघता थेट चित्राबाहेर बघत होता. बाईंच्या माहेरी हे चित्र जेवणघरात होतं. वडिलांनी ते विकलं तेव्हा त्या शाळेत होत्या. "जेवताना त्याला मी दुधाची वाटी दाखवायचे," हे सांगताना त्या हसल्या होत्या, पण पुकारेंना ते हसू काही खरं वाटलं नव्हतं.

शेवटची बोली पुढच्या रांगेतल्या गॅलरीवाल्याची होती. जावयाच्या थाटात पाय पसरून बसला होता. हा गडी मोठी चित्रं कापतो, तुकड्यांना वेगवेगळ्या चौकटी घालतो आणि एकाची चार करून विकतो, अशी बोलवा होती. टोकाचा कुत्रा तो नक्की वेगळा काढणार. 

"एक वार," ते म्हणाले, होईल तेवढं लांबवून.

बाई डोळे पुसतच होत्या. ही खूण धरायची की रडणं? विचारायची सोय नव्हती. माहेरची वस्तू इतक्या वर्षांनी समोर आली तर डोळे भरून येणारच, आणि चष्मा लावून डोळे पुसता येतात का कुणाला?

"दोन वार."

गॅलरीवाल्याने कपाळावरून हात फिरवला. त्याचा दम संपत आलाय हे पुकारेंनी ओळखलं. अजून एकच बोली, की हा बाहेर. पुकारेंनी खांबाकडे नजर टाकली, मान डोलावली आणि नाव न घेता बाईंच्या वतीने आकडा चढवला.

गॅलरीवाल्याने मागे वळून पाहिलं. हात वर केलेलं कुणी दिसेना. तो थोडा घुटमळला आणि मग त्याने नकारार्थी मान हलवली. हातोडा पडला, टाळ्या वाजल्या. पुकारेंना आतून इतकं बरं वाटलं की ते दोन घोट पाणी प्यायले.

कारकून सहीचा कागद घेऊन तिसऱ्या रांगेत गेला. बाईंनी चष्मा लावला, कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. खुर्च्यांचा आधार घेत त्या मंचापाशी आल्या.

"मी काढला होता," त्या हळूच म्हणाल्या.

"डोळे पुसायला काढलात ना? मला वाटलं..."

"ते दुसऱ्याच्या हातात जाताना मला बघायचं नव्हतं, म्हणून काढला." त्यांचा आवाज जराही चढला नाही. त्या रागावल्या असत्या तर पुकारेंना सोपं गेलं असतं. "आता घर विकू का मी?"

 बाई विकतील, हे पुकारेंना पक्कं ठाऊक होतं. गॅलरीवाला कोट चढवून दाराकडे निघाला होता.

"शेठ, जरा थांबा," पुकारे माइकवर म्हणाले. "शेवटची बोली कुणी केलीच नव्हती. मीच घेतली. चूक माझी. चित्र तुमच्या बोलीला तुमचं, हवं असेल तर."

 गॅलरीवाला सावकाश परत आला.

"हवं तर आहेच," तो म्हणाला. "पण त्याआधीच्या बोल्या तरी खऱ्या होत्या का?"

"होत्या," बाई म्हणाल्या. "माझ्या होत्या."

मागे दलालांत कुजबुज झाली. गॅलरीवाल्याने बाईंकडे पाहिलं, मग चित्राकडे, आणि तो मनापासून हसला. चित्र अस्सल असल्याची खात्री त्याला आता फुकटात मिळाली होती.

पुकारेंनी दुसऱ्यांदा हातोडा आपटला. दोन हमालांनी चित्र उतरवून दाराबाहेर नेलं. बाई उभ्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिल्या.

मग पुकारेंनी पुढचं चित्र मांडायला सांगितलं, घसा साफ केला आणि सुरुवातीची बोली पुकारली. भरल्या दालनात एकही हात वर झाला नाही.