काठावरची
धाकट्याला वाचवायला थोरल्याने तळ्यात उडी घेतली आणि बाईंची दोन्ही मुलं बुडाली. त्यानंतर बाईंनी संस्था काढली. त्या शाळाशाळांतून मुलांना शिकवत, उडी मारायची नाही, दोरी बांधलेला रिकामा कॅन फेकायचा. काल कालव्यात एक मुलगा गेला. त्याच्या बहिणीने शिकवल्याप्रमाणे कॅन पुन्हा पुन्हा फेकला होता, पण त्याच्या हाती लागला नाही. बाई त्यांच्या घरी गेल्या. मुलीकडे पाठ करून बसलेली आई म्हणाली, “ही काठावरच उभी राहिली. तुम्हीच शिकवलंत ना?” “हो.” “उडी मारली असती तर वाचला असता तो.” “कदाचित,” बाई म्हणाल्या. “माझ्या थोरल्याने मारली होती. त्या संध्याकाळी रागवायलाही घरात कुणी उरलं नव्हतं. हिच्यावर हवं तेवढं रागवा, पण बघा हिच्याकडे.” आई वळली. दोरीने सोलवटलेले मुलीचे तळहात तिला आत्ता दिसले.