मागे वळून

"माझ्यामागे कुणीतरी चालतं," असं लेक रोज म्हणायचा आणि "कुणी नाही रे राजा, मनाचे खेळ ते," अशी आई रोज त्याची समजूत घालायची. 'आई तुला जेवणातून विष घालते' असं कानात सांगणाऱ्या आवाजावर विश्वास कसा ठेवायचा नाही, हे गोळ्यांच्या जोडीला समुपदेशक ताई त्याला शिकवत होत्या. गेल्या महिन्यापासून तो तिच्या हातचं जेवू लागला होता. आईला आभाळ ठेंगणं झालं होतं.

मंगळवारी ताईंनी त्याला नवा अभ्यास दिला. भीती वाटली तरी पळायचं नाही. थांबायचं, मागे वळायचं आणि जे दिसेल तेच वहीत लिहायचं.

बुधवारी सकाळी कामावर जाताना, छापखान्याच्या वळणावर तो थांबला आणि गर्रकन वळला. वीस पावलांवर, चपलांच्या दुकानाच्या खांबाआड आई अर्धीमुर्धी लपली होती.

"आई? तू इथे?"

"अरे, घरात जीव थाऱ्यावर राहत नाही रे माझा. तू आत गेलास की लगेच परत फिरते मी."

"म्हणजे रोज येतेस?"

"वर्ष झालं." ती कसनुसं हसली. "आता ओरडू नकोस हं मला."

तो ओरडला नाही. त्याने वही काढली, भिंतीला टेकवून शांतपणे एक ओळ लिहिली आणि मिटली.

"म्हणजे माझ्यामागे खरंच कुणीतरी होतं," तो म्हणाला. "मग तो आवाज तुझ्याबद्दल सांगतो, तेही खरंच असणार."