निळ्या खडूच्या खुणा

यामिनीची पहिली कादंबरी छापण्याआधी तिघांनी वाचली. कॉलेजातले सर म्हणाले, “यंत्रमागाचा खडखडाट कमी कर.” मैत्रीण म्हणाली, “तेवढाच खरा आहे!” यामिनीला आपलंच एकही वाक्य धड वाटेना. तिसरे बाबा. नारपोलीत कापड तपासण्यात त्यांची उभी हयात गेलेली. ताग्यात दोष दिसला की तिथे निळ्या खडूची खूण. आता डोळे अधू, म्हणून त्यांनी आईकडून कादंबरी वाचून घेतली आणि न बोलता परत दिली. आत अकरा निळ्या खुणा! बाबांची नजर कधी चुकायची नाही. काही न विचारता तिने ते अकरा उतारे काढून टाकले. पुस्तक आलं तेव्हा बाबा नव्हते. आई चष्मा लावून पानं उलटत राहिली. “काय शोधतेस?” “आवडलं की तुझे बाबा ‘परत वाच’ म्हणायचे, खडूने खूण करायचे. त्यातलं काहीच सापडत नाय.”