विश्वासाचा अर्धा तास

"संसार पैशावर नाही, विश्वासावर चालतो!" समुपदेशक गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी हळूच घड्याळ पाहिलं. फी अर्ध्या तासाची होती.

समोरचं जोडपं काडीमोडापर्यंत आलं होतं. नवऱ्याने चोरून शेअर घेतले होते, बायकोने वेगळं पासबुक माहेरी ठेवलं होतं.

"अगं, नफा झाला की सांगणारच होतो!"

"म्हणजे या जन्मी नाही," ती फणकारली आणि तिलाच हसू फुटलं. यापुढे काही लपवायचं नाही असं ठरवून दोघं हातात हात घालून बाहेर आली.

बाहेरच्या टेबलाशी समुपदेशकांच्या सौभाग्यवती फी घेत होत्या. नवऱ्याने मोबाइल काढला.

बंद दाराकडे बघत त्या कुजबुजल्या, "मोबाइलवरून दिले की थेट ह्यांच्या खात्यात जातात. रोखच द्या ना, दादा."