बाईंचा माईक

वरच्या सुरावर असतानाच बाईंना खोकला आला. तोंडावर हात गेला, मान खाली गेली, आणि सूर तसाच चालू राहिला.

कानात तो स्वच्छ ऐकू येत होता. बाईंना आधी वाटलं, यंत्राचा उशीर असेल. साउंडच्या टेबलावरचा आवाज बिनतारी कानातल्या यंत्रात पोचायला पापणी लवण्याइतका वेळ लागतो, हे धाकट्या भावाने त्यांना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. पण खोकला संपला, ओळ संपली, पुढची ओळ सुरू झाली, तरी कानातल्या बाई गातच होत्या. खऱ्या बाईंनी घाईघाईने तोंड उघडलं आणि त्या कशाबशा त्या ओळीला जाऊन मिळाल्या.

पुढच्या कडव्याला त्यांनी मुद्दाम ओठ मिटून घेतले. माईक चांगला मुठीएवढा होता, त्यामागचं कुणाला दिसलं नसावं. कानात कडवं आलं. ओळीआधीचा श्वाससुद्धा आला. श्वास त्यांचाच होता, पण त्यांनी तो आत्ता घेतलेला नव्हता. समोर चारशे माणसं डोळे मिटून डुलत होती. पस्तीस वर्षं साथ करणारे पियानोवाले मास्तर मान खाली घालून, मूग गिळल्यासारखे वाजवत होते.

चार वर्षांपूर्वी बाईंचे कान गेले आणि त्यापाठोपाठ गाणंही गेलं. तेव्हाच्या एका कार्यक्रमात त्या इतक्या बेसूर गायल्या की लोक मध्येच उठून गेले. मग साउंडचं टेबल सांभाळणाऱ्या भावाने ही यंत्रं आणली. भाऊ अठ्ठावन्न वर्षांचा, डोक्यावर एक केस नाही, पण घरात अजून छोटूच. गाताना बाहेरचं सगळं बंद, टेबलावरून येईल तेवढंच कानात, अशी त्याने सोय केली. पहिल्या दिवशी आपला आवाज तसाच्या तसा ऐकून बाई ढसाढसा रडल्या होत्या. तसाच्या तसा ऐकू आला, तेव्हाच शंका यायला हवी होती. पण स्वतःच्या कौतुकावर शंका घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

मध्यंतर झालं. बाईंनी यंत्रं नेहमीच्या बोलण्यावर लावली आणि त्या तडक टेबलाशी गेल्या.

"छोटू, माझा माईक कधीपासून बंद आहे?"

छोटूने आढेवेढे घेतले नाहीत. "पहिल्यापासून, ताई. तू बोलतेस तेव्हा उघडतो. गायला लागलीस की मिटतो."

मग त्याने सगळं सांगून टाकलं. जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग त्याच्याकडे ढिगाने होती. तीच तो लोकांना ऐकवायचा आणि तीच ताईच्या कानात सोडायचा. मास्तरांना ठाऊक होतं. ताई दार लावून बसली होती, जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. अशा वेळी भावाने दुसरं काय करायचं, असं त्याने विचारलं. बाईंना राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. चार वर्षांतली एकूण एक टाळी दुसरीचीच होती. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ही तर कानातच येऊन बसली होती.

"आता मला गाऊ दे," बाई म्हणाल्या. "वाईट तर वाईट. पण मला कळू दे."

छोटू म्हणाला, लोक तो जुना आवाज ऐकायला येतात. बाई हलल्या नाहीत. त्याने एकदा टेबलावरच्या बटणांकडे बघितलं. मग त्याने मान डोलावली.

मध्यंतरानंतर कानात निराळाच आवाज आला. घोगरा, वर जाताना पातळ होणारा, टोकाशी थरथरणारा. हा आपला, हे ओळखायला बाईंना अर्धी ओळ लागली. पण तो सुरात होता. जरा कुठे सरकला की ऐकू येत होतं, आणि ऐकू आलं की त्या लगेच सावरत होत्या. म्हणजे गळा कधी बिघडलाच नव्हता. फक्त कान गेले होते, आणि यंत्रांचे कान तर चार वर्षांपूर्वीच मिळाले होते. माईक उघडून बघायचं तेवढं कुणाला सुचलं नव्हतं. गाणं संपलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवताना दिसले. बाईंना इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तो आनंद त्यांना आवरेना. त्या गायच्या थांबल्या आणि माईकजवळ सरकून हसत म्हणाल्या, "हा माझा म्हातारा आवाज. आजपासून हाच ऐकावा लागेल हं."

कानात शब्दन्‌शब्द नीट उमटला. त्या वाट बघत राहिल्या. कुणी हसलं नाही, कुणी डोळे उघडले नाहीत. मास्तरांची बोटं मात्र थांबली नव्हती. ती कुठल्यातरी ओळीच्या मागोमाग चालली होती, ओळ संपली की थबकत होती, पुढची आली की उचलली जात होती. बाईंनी टेबलाकडे पाहिलं. छोटूने मान फिरवली. माईक त्याने उघडला होता, पण फक्त त्यांच्या कानांपुरता.

बाई ओठ मिटून उभ्या राहिल्या, आणि पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांचं गाणं ऐकता ऐकता डोळे पुसले.