शेपूट

चौदा सायकली होत्या, तेरा हेल्मेटं, अकरा पुढचे दिवे आणि हवा भरायचा पंप एक. पंप सिस्टरच्या पाठीवर होता. प्रथमोपचाराची पेटी तिच्याच कॅरियरला बांधलेली, जास्तीच्या ट्यूबाही तिच्याच पिशवीत. बंद बँकेसमोरच्या दिव्याखाली कॅप्टनने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि चमकणारं लाल जाकीट तिच्याकडे फेकलं.

"शेपूट, सिस्टर. ठरलेलंच आहे."

शेपूट म्हणजे सगळ्यांत मागचा. जो रेंगाळेल त्याच्याही मागे राहायचं, कोणाला सोडून पुढे जायचं नाही. दर वर्षी, सगळ्यांत लहान दिवशी, ही मंडळी अंधारात निघून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी सूर्योदय बघायला जात. वर्षातले हे मोजके दिवसच सूर्य समोरच्या मैदानातल्या दोन जुन्या धुराड्यांच्या बरोबर मधून वर येतो. सिस्टरने तो फोटोत पाहिला होता. तीन वर्षं ती वर पोचेपर्यंत तो धुराड्यांच्याही वर गेलेला असायचा आणि लोक मोबाइल खिशात टाकत असायचे.

"या वेळी दुसऱ्या कोणाला द्या ना," ती म्हणाली. "एवढीच सुट्टी मिळालीय. उद्यापासून पुन्हा सकाळपाळी आहे माझी."

"अहो, तुम्हाला माणसं सांभाळायची सवय आहे," कॅप्टन हसला. "आणि आज आईपण आलीय. तिच्याकडे तुमच्याशिवाय कोण बघणार?"

तुम्ही! हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोवर त्याने शिट्टी फुंकली आणि बारा सायकली कोपऱ्यावरून वळल्यासुद्धा.

पहिल्याच चौकात एकाची चेन पडली. सिस्टरने ती बसवली. तो "थँक्स हं" म्हणाला आणि स्वच्छ हातांनी पुढे निघून गेला. तिने आपले काळे हात पँटला पुसले.

कॅप्टनच्या आईंनी सायकल शिकून सातच महिने झाले होते. टेकडीचा चढ लागला तशा त्या उतरल्या आणि सायकल ढकलू लागल्या. सिस्टरही उतरली.

"तू हो गं पुढे. मी येते आपली गोगलगायीसारखी."

"जाता येत नाही, काकू. मी शेपूट आहे."

"कोणी केलं तुला शेपूट?"

"तुमच्या मुलाने. चौथं वर्ष आहे."

"आणि तो कधी होतो?"

"त्यांना पुढे राहावं लागतं. रस्ता दाखवायला."

"इथे एकच तर रस्ता आहे!" काकू जागीच थांबल्या. "चुकायचं म्हटलं तरी कष्ट पडतील! म्हणजे तू अजून एकदाही तो सूर्य पाहिलेला नाहीस?"

"फोटोत पाहिलाय," सिस्टर म्हणाली.

"एकतीस वर्षं कंडक्टर होते मी," काकू म्हणाल्या. "बसच्या मागच्या दाराशी उभी. तिथून काय दिसतं ते मला विचार. नुसत्या पाठी! आणि माझ्याच पोटचा हा असा..."

वाक्य अर्धवट राहिलं. त्यांनी सायकल सोडून दिली आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर मटकन बसल्या.

"मला गरगरतंय."

सिस्टरने आपली सायकल तिथेच टाकली. मनगट हातात घेतलं, घड्याळावर बॅटरी धरली.

"आधी त्याला फोन लाव," काकू डोळे मिटून म्हणाल्या.

तिने स्पीकरवर लावला. कॅप्टनच्या आवाजात वारा होता.

"आत्ता? सूर्य यायला वीस मिनिटं राहिलीत! तुम्ही आहात ना तिथे? बघा ना काहीतरी!"

काकूंनी फोन ओढून घेतला. "आई आहे रे मी तुझी, पंक्चर नाही! खाली ये."

तो आला. उतारावर ब्रेक दाबत, घामेजून, चेहरा उतरलेला. पूर्वेकडे आकाश फिकट झालं होतं.

"काय झालं? नाडी बघितली?"

"बघतेय." सिस्टरची तीन बोटं त्या मनगटावर होती. तिने मिनिट पुरं होऊ दिलं. मग हात हळूच काकूंच्या मांडीवर ठेवला आणि उभी राहिली.

"यांना इथून हलवायचं नाही. निदान अर्धा तास. जवळ घरचं माणूस लागेल."

"मग तुम्ही थांबा, मी वर जाऊन सगळ्यांना..."

"घरचं माणूस, म्हटलं मी." तिने लाल जाकीट काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. पंप त्याच्या हातात दिला. पेटी काकूंच्या शेजारी ठेवली.

"अहो, पण तुम्ही नर्स आहात! असं टाकून कशा जाता?"

"आज सुट्टीवर आहे."

"जाऊ दे रे तिला," काकू पुटपुटल्या. डोळे मिटलेलेच होते.

सिस्टरने चढ उभ्यानेच मारला. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. टाकीपाशी पोचली तेव्हा ती धापा टाकत होती.

"शेपूट आलं! म्हणजे सगळे आले," कोणीतरी ओरडलं. "पण कॅप्टन कुठाय?"

"मागे," ती म्हणाली आणि माणसांतून वाट काढत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली.

दोन धुराड्यांच्या मधे आधी एक नारिंगी रेघ आली. रेघ जाड होत गेली, तिची कड गोल झाली, आणि बघता बघता पुरा सूर्य त्या फटीत मावला. ती हलली नाही.

कठड्यावर मोजलेली नाडी मिनिटाला बहात्तर भरली होती, एकसारखी.