पानकुळीची सून

सुताराच्या घरात सून आली ती पानकुळीतली. डोक्यावर केसांऐवजी पालवी, अंगाला ओल्या सालीचा वास. सासूनं नाक मुरडलं, पण एकुलत्या एका लेकाच्या हट्टापुढे तिचं काही चाललं नाही.

एका सकाळी लेकाच्या मनगटात पटाशी घुसली. सुनेनं आपल्याही मनगटाला चीर दिली, जखमेला जखम भिडवली आणि दोन्ही हात सुतळीनं करकचून बांधले.

"हा काय तमाशा? सोड आधी माझ्या पोराला!" सासू कडाडली.

"आमच्यात जखमा अशाच भरतात, आई. अजून कलम धरलं नाही."

दुपारी सासूला राहवेना. तिनं कात्रीनं सुतळी कापली. सुतळी गळून पडली, हात मात्र सुटले नाहीत. हिरवी साल सुनेच्या मनगटावरून निघून लेकाच्या कोपरापर्यंत चढली होती.

"अरे, बोल की! दातखीळ बसली का मेल्या?" तिनं वाकून लेकाला गदागदा हलवलं.

तिची सावली दोघांच्या तोंडावर पडली. दोन्ही माना हळूहळू एकाच बाजूला, दारातल्या उन्हाकडे वळल्या. दोन्ही तोंडं एकदम उघडली, आवाज मात्र एकच आला.

"आई, उजेडातून बाजूला हो."